फाईल पाठवायची, पण कुणाच्या हाती?

कॉलेजच्या मॅगझिनच्या मराठी विभागात लेख द्यायचा म्हटलं की पाऊस, आई, मैत्री आणि 'आजचा तरुण कुठे चालला आहे' हे विषय आधीच बुक झालेले असतात. उरलेल्यांतून मी एक रुक्ष विषय उचलला आहे. फाईल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवण्यासाठी कॉलेजने कोणती क्लाउड सर्व्हिस घ्यावी, हा तो विषय. विषय वाचून पान उलटायचा विचार असेल तर मित्रांनो, जरा थांबा. तुमचा जातीचा दाखला, वडिलांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान आणि हॉस्टेलच्या फॉर्मवरचा फोटो याच वाटेने जाणार आहे.

निमित्त असं की आपल्या ऑफिसला या वर्षी यातलं काहीतरी कायमचं ठरवायचं आहे, आणि विद्यार्थ्यांकडूनही सूचना मागवल्या आहेत. हॉस्टेलवर त्यावर चर्चा झाली. चर्चा म्हणजे काय, तर 'किती जी.बी. फुकट?' आणि 'स्पीड किती?' या दोन प्रश्नांवर मेसमधली भाजी गार होईपर्यंत वाद. माझं म्हणणं असं की हे दोन्ही प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते शेवटी विचारायचे आहेत. आधी तीन प्रश्न विचारायला हवेत. वाटेत लाईन तुटली तर काय होतं? पोचल्याची पोच कोण देतं? आणि पोचून झाल्यावर मागे काय उरतं?

आधी थोडी पार्श्वभूमी. फाईल पाठवणं ही काही क्लाउडवाल्यांनी लावलेली शोध नव्हे. एफ.टी.पी. हा शब्द आपण नेटवर्क्सच्या पेपरात पाच मार्कांसाठी पाठ करतो. त्याचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण या भारतीय इंजिनिअरने लिहिला. ते आय.आय.टी. कानपूरच्या पहिल्या बॅचचे विद्यार्थी आणि तेव्हा अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये शिकत होते. त्या काळी नेटवर्कवर मोजकी कॉम्प्युटर्स होती आणि बहुतेक सगळे एकमेकांना ओळखत होते. म्हणून एफ.टी.पी.मध्ये पासवर्ड उघडाच जातो. पुढे एस.एस.एच.च्या आधाराने एस.एफ.टी.पी. आलं, त्यात पासवर्ड आणि फाईल दोन्ही कुलूपबंद जातात. आजही बँका, विमा कंपन्या, विद्यापीठं आपापसात रोजच्या फाईली बऱ्याचदा याच मार्गाने पाठवतात.

मग 'मॅनेज्ड' म्हणजे काय? पूर्वी अशी सेवा हवी असेल तर कोपऱ्यात एक सर्व्हर ठेवायचा, त्याला यू.पी.एस. लावायचा, अपडेट टाकायचे, डिस्क भरली की रिकामी करायची. हे करणारा एक माणूस लागतो, आणि तो रजेवर गेला की सगळं रजेवर जातं. मॅनेज्ड सर्व्हिसमध्ये सर्व्हर, डिस्क, अपडेट हे सगळं कंपनी बघते. आपण फक्त कुणाला आत सोडायचं ते ठरवायचं आणि महिन्याचं बिल भरायचं. ॲमेझॉनने ही सेवा नोव्हेंबर २०१८ मध्ये आणली, आज तिचं नाव ॲमेझॉनची ट्रान्स्फर फॅमिली. मायक्रोसॉफ्टने आपल्या ॲझ्युअर स्टोरेजलाच एस.एफ.टी.पी.चं दार बसवलं, ते २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. दोघांचीही डेटा सेंटर्स महाराष्ट्रात आहेत. ॲझ्युअरचं पुण्याचं केंद्र २०१५ पासून, ॲमेझॉनचं मुंबईचं २०१६ पासून. तेव्हा आपली फाईल सातासमुद्रापार जाईल ही भीती बाळगायचं कारण नाही. फक्त खातं उघडताना मुंबई किंवा पुणे निवडायला विसरता कामा नये.

आता पहिला प्रश्न घेऊ. वाटेत लाईन तुटली तर?

पुण्या-मुंबईत बसून ज्यांनी या सेवांच्या तुलना लिहिल्या आहेत त्यांच्या यादीत हा मुद्दा सातवा-आठवा असतो. राजापुरात तो पहिला आहे. जुलैमध्ये अर्जुना आणि कोदवली नद्या फुगल्या, जवाहर चौकात पाणी आलं, की शहरातली माणसं दुकानातला माल माळ्यावर चढवतात. सड्यावर वीज कडाडली की हॉस्टेलची लाईट जाते, लाईटपाठोपाठ वायफाय जातं, आणि थोड्या वेळाने मोबाईलची रेंजही. हे आपलं रोजचंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सेवा निवडताना हे धरून चालायला हवं.

हिशेब करू. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा व्हिडिओ आणि डिझाईन फाईली मिळून ४ जी.बी. समजा. आपल्याला अपलोडचा वेग ४ एम.बी.पी.एस. मिळतो असं समजा. जी.बी. मोजतात बाईटमध्ये आणि वेग मोजतात बिटमध्ये, म्हणून आधी आठने गुणायचं. ३२ हजार मेगाबिट भागिले ४, म्हणजे ८ हजार सेकंद. सव्वादोन तास. पावसाळ्यात सव्वादोन तास लाईन सलग राहील अशी पैज मी तरी लावणार नाही. म्हणजे फाईल जिथे थांबली तिथून पुढे जाते की पुन्हा शून्यापासून, यावर सगळं अवलंबून. शून्यापासून जाणारी सर्व्हिस कितीही वेगवान असली तरी आपल्या उपयोगाची नाही. ती कधी पोचणारच नाही.

इथे एक गंमत आहे. आपण धरून चालतो की महाग ती सेवा या बाबतीत चांगली असणार. पण ॲमेझॉनच्या मॅनेज्ड सेवेच्या मागे बहुधा एस-थ्री नावाचं गोदाम असतं, आणि त्यात फाईल साधारणपणे अख्खी लिहिली जाते. अर्धी ठेवून उद्या तिच्या शेपटाला उरलेली जोडायची सोय साध्या डिस्कसारखी नसते. म्हणूनच विनएससीपी हा आपल्या लॅबमधला नेहमीचा प्रोग्रॅम वापरताना त्यातली 'तुटल्यास पुढे चालू' ही सोय बंद ठेवा, असं ॲमेझॉनच्या स्वतःच्या सूचनांमध्येच सांगितलं आहे. उलट त्याच एस-थ्रीला एस.एफ.टी.पी.च्या दारातून न जाता थेट फाईल दिली, तर ती तुकड्या-तुकड्यांत पाठवता येते. गेलेले तुकडे गेले, तुटला तेवढाच पुन्हा. गूगल ड्राइव्हचं कॉम्प्युटरवर बसवायचं ॲपही लाईन आली की राहिलेलं काम पुढे चालू करतं. म्हणजे माहितीपत्रकात 'एस.एफ.टी.पी. आहे' एवढं वाचून हुरळून जायचं कारण नाही. दार जुन्या पद्धतीचं आणि गोदाम नव्या पद्धतीचं असलं की दोघांच्या सवयी जुळतीलच असं नसतं.

म्हणून माझी सूचना अगदी गावठी आहे. कुठलीही सर्व्हिस घेण्याआधी ऑफिसने ती महिनाभर वापरून बघावी, आणि चाचणी म्हणजे एकच करावी. मोठी फाईल अर्धी गेली की नेटची वायर काढायची. दहा मिनिटांनी पुन्हा लावायची. काय होतं ते वहीत लिहायचं. सेल्समनच्या तासभराच्या प्रेझेंटेशनपेक्षा ही दहा मिनिटं जास्त सांगून जातील.

दुसरा प्रश्न. पोचल्याची पोच कोण देतं?

पूर्वी महत्त्वाचा कागद रजिस्टर ए.डी.ने पाठवायचे. ती गुलाबी पावती सही होऊन परत आली की काम झालं. आजकाल आपण 'पाठवलं ना' एवढ्यावर समाधान मानतो. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा आल्या म्हणजे मेसेज उघडला एवढंच कळतं. तेवीस फाईली पाठवल्या आणि ऑफिसने बावीसच उतरवून घेतल्या, हे त्यातून कळत नाही.

पोच नसली की काय होतं, याचं सगळ्यांत मोठं उदाहरण आपल्याच विद्यापीठाचं आहे. रत्नागिरी जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतो. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून प्राध्यापकांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर तपासायच्या, असा निर्णय विद्यापीठाने घेतला. कल्पना वाईट नव्हती. गठ्ठे वाहायला नकोत, बेरजेच्या चुका नकोत, कुठल्याही गावचा प्राध्यापक कुठलाही पेपर तपासू शकेल. प्रत्यक्षात काय झालं? कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही गेली. अनेक निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. काही उत्तरपत्रिका सापडेनात, काही एकमेकांत मिसळल्या. पुढच्या शिक्षणाचे प्रवेश तारखेवर अवलंबून होते त्या मुलांचे हाल झाले. शेवटी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंनाच पदावरून दूर केलं.

या प्रकरणाची घाई, टेंडर, प्रशिक्षण अशी अनेक कारणं सांगितली गेली आणि ती असतीलही. पण इंजिनिअर म्हणून मला त्यात मोजणीचा प्रश्न दिसतो. किती उत्तरपत्रिका केंद्रातून निघाल्या, किती स्कॅन झाल्या, किती तपासनिसाच्या पडद्यावर पोचल्या, किती मार्क परत आले, आणि या चारही आकड्यांचा मेळ रोज संध्याकाळी बसतो की नाही? मेळ रोज बसत असेल तर हरवलेली उत्तरपत्रिका दुसऱ्या दिवशीच कळते. नसेल तर ती निकालाच्या दिवशी कळते. आपल्या आईवडिलांचं किराणा दुकान असो की बागायत, रोजचा मेळ घालण्याची सवय घराघरात आहे. कॉम्प्युटर आला की मात्र आपण तो मेळ कॉम्प्युटरवर सोडून देतो.

चांगल्या मॅनेज्ड सर्व्हिसची खरी किंमत इथे आहे. कोण आलं, कधी आलं, कुठली फाईल ठेवली, कुणी उतरवून घेतली, याची आपोआप नोंद होते. शिवाय पाठवताना आणि मिळाल्यावर फाईलचा चेकसम ताडून बघता येतो. ज्यांना चेकसम नुसता पाठ आहे त्यांच्यासाठी सांगतो: अख्ख्या फाईलवर गणित करून काढलेला तो एक छोटा ठसा. एक बिट बदलला तरी ठसा बदलतो. दोन्हीकडचे ठसे जुळले की फाईल जशीच्या तशी पोचली याची खात्री. नोंदी किती दिवस ठेवायच्या? सायबर सुरक्षेचं काम बघणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ च्या आदेशात १८० दिवस म्हटलं आहे. आपणही तोच आकडा धरावा. निदान एक सेमिस्टर तरी त्यात निघतं.

तिसऱ्या प्रश्नाआधी 'फुकट' या शब्दाबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण हॉस्टेलच्या चर्चेत सगळ्यांत जास्त मतं त्यालाच पडली.

आपल्या उन्हाळ्याची गंगा सगळ्यांना माहीत आहे. ती येते तेव्हा चौदाही कुंडं भरतात, गावोगावची माणसं स्नानाला येतात. ती येते तेव्हा आनंदच असतो. पण ती कधी येणार आणि किती दिवस राहणार, हे कुणाला विचारून ठरत नाही. म्हणून तिच्या भरवशावर कुणी नळपाणी योजना आखत नाही. फुकटच्या इंटरनेट सेवा अशाच आहेत. वापराव्यात जरूर, पण त्यांच्यावर ऑफिस चालवू नये.

उदाहरणं हवीत? फायरफॉक्सवाल्यांनी मार्च २०१९ मध्ये 'सेंड' नावाची फार छान सेवा काढली. फाईल कुलूपबंद जायची आणि ठरलेल्या मुदतीत आपोआप नाहीशी व्हायची. तिचा वापर व्हायरस पसरवायला होऊ लागला आणि सप्टेंबर २०२० मध्ये ती कायमची बंद झाली. दीड वर्षांत खेळ संपला. वीट्रान्स्फर ही साईट फोटोग्राफर आणि प्रेसवाले सर्रास वापरतात. मे २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये, दूरसंचार खात्याने ती भारतात बंद करायचे आदेश इंटरनेट कंपन्यांना दिले. त्याच वर्षी जून अखेरीस ज्या ५९ चिनी ॲप्सवर बंदी आली त्यांत शेअरइट आणि झेंडर होती. तोवर हॉस्टेलवरचे निम्मे सिनेमे त्यांवरूनच फिरत होते. आणि गूगलने शाळा-कॉलेजांना दिलेली 'अमर्याद' जागा जुलै २०२२ पासून अमर्याद राहिली नाही. संस्थेला मिळून १०० टी.बी.ची मर्यादा आली. १०० टी.बी. आपल्याला भरपूर आहेत, प्रश्न तो नाही. प्रश्न असा की 'अमर्याद' या शब्दाचा अर्थ बदलायचा अधिकार आपल्याकडे नव्हता.

मग पैसे मोजले की सुटलो? तसंही नाही. ॲमेझॉनच्या मॅनेज्ड सेवेचा नेहमीचा दर ताशी ३० सेंट आहे, तोही प्रत्येक प्रोटोकॉलसाठी वेगळा, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या डेटाचे पैसे निराळे. ताशी ३० सेंट ऐकायला चहापेक्षा फार नाही. पण चोवीस तास गुणिले तीस दिवस केले की महिन्याला २१६ डॉलर होतात, म्हणजे अठरा हजार रुपयांच्या वर. आणि हे एकही फाईल न पाठवता. खानावळीत जेवा न जेवा, महिन्याचे पैसे द्यायचेच, तसं. सर्व्हर नुसता 'थांबवला' तरी मीटर चालूच राहतो. मीटर बंद करायचा तर सर्व्हर काढूनच टाकावा लागतो. ॲझ्युअरचाही तासाचा दर तेवढाच आहे, पण तिथे एस.एफ.टी.पी.चं दार बंद केलं की तासाचं भाडं थांबतं. परीक्षेच्या आठवड्यात उघडायचं, मग लावून घ्यायचं. माहितीपत्रकात हा फरक एका ओळीचा आहे, पण आपल्यासारख्या कॉलेजच्या वर्षाच्या बिलात तो लाखाच्या घरातला आहे. सर्व्हिस निवडताना वैशिष्ट्यांच्या लांबलचक तक्त्यापेक्षा अशा ओळी शोधाव्यात.

आता तिसरा आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. पोचून झाल्यावर मागे काय उरतं?

राजापूर हे एके काळचं मोठं बंदर. सतराव्या शतकात इंग्रजांची इथे वखार होती. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरवर स्वारी केली तेव्हा ती लुटली गेली. त्याआधी पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली होती, त्याचा तो हिशेब होता. इतिहासाचा धडा वेगळा आहे, पण वखारीबद्दलचा एक साधा व्यवहार त्यातून कळतो. भांडण वखारवाल्याशी असतं, पण माल कुणाचाही असो, तो वखारीबरोबर जातो. म्हणून वाटेवरच्या वखारीत माल गरजेपेक्षा एक दिवसही जास्त ठेवू नये.

फाईल ट्रान्स्फरच्या जगात २०२३ साली नेमकं हेच घडलं. 'मूव्हइट' हे फाईल पाठवण्याचं नावाजलेलं व्यावसायिक सॉफ्टवेअर. मोठमोठ्या संस्था ते सुरक्षित म्हणून पैसे मोजून वापरत होत्या. मे महिन्याच्या अखेरीस 'क्लॉप' नावाच्या टोळीने त्यातली एक त्रुटी गाठली. त्रुटी कुठली, तर एस.क्यू.एल. इंजेक्शन, जी आपल्याला डी.बी.एम.एस.च्या तासाला शिकवतात आणि आपण 'एवढी साधी चूक कोण करतं' म्हणून हसतो. त्यातून दोन हजारांहून अधिक संस्थांचा डेटा चोरीला गेला. बी.बी.सी. आणि ब्रिटिश एअरवेज यांनी तर ते सॉफ्टवेअर स्वतः वापरलंही नव्हतं. त्यांचे पगार करणारी कंपनी वापरत होती, तिच्याकडून त्यांच्या कर्मचाऱ्यांची माहिती गेली. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळणारी एक मोठी संस्था आहे, तिच्यामार्फत सुमारे ९०० कॉलेजांच्या विद्यार्थ्यांची माहिती गेली. त्या मुलांनी कुठली लिंक दाबली नव्हती की पासवर्ड कुणाला सांगितला नव्हता.

इथे चोरांनी फाईली वाटेत पकडल्या नाहीत. पोचून झालेल्या, उतरवून घेतलेल्या आणि तरीही सर्व्हरवर तशाच पडून राहिलेल्या फाईलीही त्यांच्या हाती लागल्या. पोस्टमन पत्र देऊन त्याची एक प्रत स्वतःच्या पिशवीत वर्षानुवर्षं ठेवतो असा हा प्रकार. ज्या फाईली काम झाल्यावर पुसल्या गेल्या होत्या त्या चोरीला जाणार तरी कशा? म्हणजे सुरक्षिततेचा सगळ्यांत स्वस्त उपाय कंपनीकडे नव्हे, आपल्याकडे होता. तो म्हणजे सात दिवसांनी आपोआप पुसून टाकण्याचा नियम. ॲमेझॉन आणि ॲझ्युअर दोन्हीकडे असा नियम एकदाच लावून ठेवता येतो. आणि एस-थ्रीमध्ये अर्धवट राहिलेले तुकडेही साचून राहतात आणि त्यांचंही भाडं लागतं. त्यांच्यासाठी वेगळा नियम लावावा लागतो, हेही लक्षात असू द्या.

यावर हॉस्टेलमध्ये मला एक उत्तर मिळालं, 'आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?' आहे. महाडीबीटीच्या स्कॉलरशिपसाठी एक मुलगा किती कागद देतो ते मोजा. आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासबुक, मोबाईल नंबर. एवढ्यात कुणाच्याही नावाने कर्जाचा अर्ज भरायचा प्रयत्न करता येईल. मुलींच्या हॉस्टेलच्या फॉर्मवर फोटो, घरचा पत्ता आणि पालकांचा नंबर असतो. ही यादी बाहेर गेली तर काय होईल हे मी सांगायला नको. आज हे कागद कसे फिरतात? मुलगा नेट कॅफेत स्कॅन करतो, तिथे एक प्रत राहते. क्लासच्या ग्रुपवर टाकतो, तिथे सत्तर प्रती होतात. तिथून ते ऑफिसमधल्या कुणाच्या तरी खासगी मोबाईलवर जातात आणि लग्नाच्या फोटोंशेजारी गॅलरीत राहतात. व्हॉट्सॲप वाटेत कुलूपबंद असतं हे खरं. पण पोचल्यावर कुलूप उघडतंच, आणि मोबाईल दुरुस्तीला दिला की संपलं.

यात ऑफिसच्या लोकांना बोल लावायचा नाही. ॲडमिशनच्या दिवसांत दुपारचं जेवण सोडून ते आमची कामं करतात. त्यांना नीट साधन दिलेलं नाही, एवढंच. पण आता विद्यार्थ्यांची माहिती सांभाळणं ही सौजन्याची बाब राहिलेली नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्या पूर्ण लागू होईपर्यंत थांबून मग धावपळ करण्यापेक्षा आजच सवय लावलेली बरी.

तर मग घ्यायचं काय? नुसते प्रश्न विचारून पळ काढला असं होऊ नये म्हणून माझं मत स्पष्ट लिहितो.

रोजच्या कामाला, म्हणजे असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट, नोटिसा, फोटो यांना महागडी मॅनेज्ड सेवा नको. कॉलेजचं शैक्षणिक गूगल खातं पुरेसं आहे, पण फाईली कॉलेजच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये असाव्यात, कुणाच्या वैयक्तिक ड्राइव्हमध्ये नव्हे. शेअर्ड ड्राइव्हमधल्या फाईलची मालकी संस्थेची राहते. आज कितीतरी टेक्निकल फेस्टचे फोटो आणि प्रोजेक्टचे कोड पास आऊट झालेल्या सीनियर्सच्या जीमेलमध्ये अडकलेले असतात, आणि ते नोकरीला लागले की फोन उचलत नाहीत. त्यांचा दोष नाही, आपणही तेच करणार आहोत.

विद्यापीठ, बँक, परीक्षा यांच्याशी होणाऱ्या ठरावीक देवाणघेवाणीला मात्र एस.एफ.टी.पी.ची मॅनेज्ड सेवा हवी, कारण तिथे नोंद आणि पोच लागते. ती अशी घ्यावी की जी नको तेव्हा बंद ठेवता येते आणि बंद असताना पैसे खात नाही. आजच्या घडीला या एका कारणासाठी मी ॲझ्युअरच्या बाजूने मत देईन. उद्या ॲमेझॉनने हा नियम बदलला तर माझं मतही बदलेल. मोठ्या फाईली तुकडे करून पाठवाव्यात, आणि वायर काढायची परीक्षा ॲझ्युअरनेही द्यावी. नापास झाली तर केटी.

आणि स्कॉलरशिपच्या कागदांसाठी सगळ्यांत चांगली फाईल ट्रान्स्फर म्हणजे ट्रान्स्फरच न करणं. २०१५ पासून डिजीलॉकर आहे. जे दाखले त्यात सरकारकडून थेट येतात ते तिथूनच दाखवावेत. त्यांना मूळ कागदाइतकाच मान आहे. झेरॉक्सचा मोबाईलने काढलेला फोटो आणि त्याचा पुन्हा झेरॉक्स, ही पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ तिथे संपते.

कुठलीही सेवा घेतली तरी चार गोष्टी लेखी असाव्यात. खातं कॉलेजच्या नावावर असावं आणि त्याच्या किल्ल्या निदान दोघांकडे असाव्यात, म्हणजे एक सर बदली होऊन गेले तरी दार उघडेल. प्रत्येकाला आपल्यापुरतंच दिसावं, सगळ्यांचं नाही. काम झालं की सात दिवसांत फाईल आपोआप पुसली जावी. आणि कोण आलं, कोण गेलं याची नोंद १८० दिवस राहावी आणि महिन्यातून एकदा ती कुणीतरी खरोखर वाचावी. न वाचलेली नोंद आणि न ठेवलेली नोंद यांत फरक एवढाच की पहिलीला बिल येतं.

या सगळ्याला खर्च किती? कंपन्यांच्या कोटेशनमध्ये जो आकडा असतो त्याहून कमी. पण वेळ लागेल, आणि तो आपण देऊ शकतो. कॉम्प्युटर आणि आय.टी.च्या शेवटच्या वर्षाचे चार-पाच जण आणि ऑफिसमधले दोन जण मिळून एका सेमिस्टरमध्ये ही चाचणी करू शकतात. दरवर्षी आपण 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' नावाचा तोच प्रोजेक्ट नव्या कव्हरमध्ये घालून सबमिट करतो. त्याऐवजी हा विषय एच.ओ.डी. सरांनी मंजूर केला तर निदान व्हायवाला परीक्षक जागा राहील.

कमिटीची पुढची बैठक होईल तेव्हा कोटेशनच्या तक्त्यात 'जागा किती' आणि 'वेग किती' हे रकाने असतीलच. त्यांच्या आधी 'तुटल्यावर काय', 'पोच कशी' आणि 'मागे काय उरतं' असे तीन रकाने घालावेत, एवढीच सर-मॅडमना विनंती. आणि मित्रांनो, तोवर आपापल्या क्लासच्या ग्रुपवर एकदा वर सरकवून बघा. तिथे कुणाचं आधार कार्ड पडलेलं दिसलं तर ज्याचं आहे त्याला सांगा, आणि आपल्या मोबाईलमधली प्रत पुसून टाका. त्याला कमिटीची मंजुरी लागत नाही.